छप्पन्न मिनिटं

आमच्या पट्ट्यात दादर किती लांब आहे असं कुणाला विचारलंत तर तो किलोमीटर सांगणार नाही. "चारच्या आतली लोकल धरलीत तर पाचला दादर," असं सांगेल. वसई रोड ते दादर बेचाळीस किलोमीटरच्या आसपास भरतं, पण ते पाठ असून उपयोग काय? ती लोकल हुकली, पुढच्या गाडीचा मालडबा दूधवाल्या-भाजीवाल्यांनी भरून आला, तर दादर आहे तिथंच राहतं नि फुलांचा भाव मात्र पडतो. मार्केटात सहाला पोचलेला चाफा नि आठला पोचलेला चाफा एकाच झाडाचा असला तरी गिऱ्हाईक तो एकाच भावानं घेत नाही.

माझी वाडी सोनचाफ्याची आहे. वडिलांच्या वेळी केळी होती, पानवेल होती, विहिरीवर रहाट होता. पुढं पाणी मचूळ होत गेलं, केळीला रोग आला, नि मी चाफ्याकडं वळलो. चाफा तोडायचा असतो रात्री. दोन-अडीचला उठायचं, कपाळाला बॅटरी बांधायची नि उमलू घातलेली कळी तेवढी देठासकट खुडायची. दहा-दहाचे वाटे करून ओल्या फडक्यात ठेवायच्या. रात्री खुडलेली कळी सकाळी अर्धी उघडते, दुपारी पुरती फुलते, संध्याकाळी पाकळ्यांच्या कडा तांबूस व्हायला लागतात, नि दुसऱ्या दिवशी सकाळी ती काळी पडते. वास राहतो थोडा, पण विकायला गेलात तर कोण घेणार? म्हणजे चाफ्याचं फूल हेच एक घड्याळ आहे. मनगटावरचं घड्याळ विसरलो तरी माझं अडत नाही.

हे सगळं सांगतो आहे ते एका विमानाच्या निमित्तानं.

आमच्या धाकटीचं लग्न २०२१ च्या डिसेंबरात झालं. जावई नालासोपाऱ्यात वाढलेला. नालासोपारा-विरार म्हणजे अर्धं कोकणच वस्तीला आलेलं आहे. गणपतीला त्या चाळी-बिल्डिंगी अशा ओस पडतात की कुत्रीसुद्धा कंटाळतात. जावयाचं गाव सिंधुदुर्गात, वेंगुर्ला तालुक्यात, परुळ्याच्या जवळ. लॉकडाऊनमध्ये ती मंडळी गावी गेली ती तिथंच राहिली. आंब्या-काजूची कलमं होती, घर होतं. पोराला शहरापेक्षा तेच बरं वाटलं. शेतकऱ्याचा मुलगा शेती सोडतो हे नेहमीचंच, हा उलट्या दिशेनं गेला, म्हणून मला तो आवडला. पण मुलगी पाचशे किलोमीटर लांब जाणार, हे काही तिच्या आईला पचत नव्हतं.

त्यावर उतारा मिळाला तो चिपीच्या विमानतळाचा. लग्नाच्या दोनच महिने आधी, ९ ऑक्टोबर २०२१ ला, परुळे-चिपीच्या सड्यावरचा विमानतळ सुरू झाला होता. हा सिंधुदुर्ग जिल्ह्याचा पहिला विमानतळ. अडीच किलोमीटरची धावपट्टी, नि मुंबईहून दिवसाला एक विमान. लग्नाच्या मांडवात जो तो तेच बोलत होता. "पोरगी लांब दिलीत, पण विमानतळाच्या शेजारी दिलीत," असं माझा मावसभाऊ म्हणाला. सौ.ला तेवढाच आधार वाटला. मुलानं मोबाइलवर काढून दाखवलं. मुंबई विमानतळ ते चिपी, सरळ रेषेत साधारण साडेतीनशे किलोमीटर. विमानाचा वेळ, एक तास पंचवीस मिनिटं.

मी दहावी शिकलेला माणूस. १९७७ साली परीक्षा दिली, गणितात बरा होतो. मी म्हटलं, विरारहून चर्चगेटला जलद लोकलला जवळपास तेवढाच वेळ लागतो. अंतर साठ किलोमीटर. म्हणजे विरारचा माणूस चर्चगेटला उतरेपर्यंत चिपीचा माणूस चिपीला उतरणार! मुलगा हसला. पण मला त्यातलं दुसरं टोक खटकत होतं. विमान एवढं वेगवान, तर त्याला साडेतीनशे किलोमीटरला पंचाऐंशी मिनिटं कशाला हवीत? त्या मार्गावर जे पंख्यांचं विमान चालत होतं, सत्तर आसनांचं एटीआर, ते ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जातं असं मुलानंच सांगितलं होतं. पाचशेनं साडेतीनशेला भागलं तर बेचाळीस मिनिटं येतात. उरलेली त्रेचाळीस मिनिटं जातात कुठं?

हे मला प्रत्यक्ष बघायचं होतं. संधी आली २०२३ च्या फेब्रुवारीत. मुलीच्या घरी सत्यनारायण होता, नि मला तिकडच्या चाफ्याची कलमंही बघायची होती. कुडाळ तालुक्यातला वेलणकर चाफा आमच्या इकडच्या शेतकऱ्यांत नावाजलेला आहे. झाड बुटकं राहतं, शिडी लागत नाही, नि कमी वयात फुलं धरतं. माझी जुनी झाडं उंच गेली होती नि माझे गुडघे काही उंच जायला तयार नव्हते. दोन्ही कामं होतील म्हणून आम्ही नवरा-बायको निघालो. दोघांचाही पहिला विमानप्रवास. मुलानं तिकिटं काढून दिली नि मी खिशात एक छोटी वही ठेवली. वेळ लिहून ठेवायची सवय मला मोटार चालवण्याच्या पाळ्यांपासून आहे. म्हणजे पाण्याची मोटार.

त्या रात्री तीनला मी शंभर कळ्या खुडल्या. सौ.नं त्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात भरल्या. मुलीच्या घरच्या पूजेला माहेरची फुलं, एवढाच तिचा हेतू. माझा हेतू जरा वेगळा होता. म्हटलं, या प्रवासाचं अंतर आपण आपल्या घड्याळानं मोजू.

सव्वासहाला घरातून निघालो. रिक्षानं स्टेशन, तिथून लोकल. वसईला त्या वेळी गाडीत शिरणं म्हणजे काय ते वसईकरांना सांगायला नको, बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. सौ. बायकांच्या डब्यात डबा डोक्याशी धरून उभी होती. अंधेरीला उतरलो, पुन्हा रिक्षा. विमानतळावर आठ वाजून दहा मिनिटांनी पोचलो. विमान साडेअकराच्या सुमाराचं. दोन तास आधी या म्हणतात, आम्ही सव्वातीन तास आधी गेलो. शेतकरी बाजारात नि प्रवासाला लवकरच जातो.

तपासणीला सीआयएसएफच्या जवानानं डबा उघडायला लावला. झाकण काढलं नि असा वास सुटला की मागच्या रांगेतले चार-पाच जण माना वर करून बघायला लागले. त्यानं आत नीट बघितलं, एक खोल श्वास घेतला नि झाकण स्वतःच लावून दिलं. "चंपा," एवढंच म्हणाला. कुठल्या तरी लांबच्या मुलखातला पोरगा होता. त्याच्याही दारात झाड असणार.

वहीत लिहिलेलं असं आहे. बसनं विमानापाशी नेलं, मागच्या दारानं चढलो. दार लागलं अकरा पस्तीसला. विमान हललं अकरा चाळीसला. मग ते चालतच राहिलं. आपली एसटी डेपोतून निघून स्टँडवर लागते तसं. थोडं गेलं की थांबायचं. खिडकीतून दिसत होतं, पुढं तीन-चार मोठी विमानं रांगेत उभी. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदून जातात, म्हणून दोन्हींवरून एकाच वेळी मोकळेपणी विमानं सोडता येत नाहीत. एका आणेवारीच्या रस्त्यावर दोन वाड्यांच्या बैलगाड्या आल्यावर जे होतं तेच. बारा वाजून दोन मिनिटांनी आमचा नंबर लागला नि चाकं सुटली. चिपीला चाकं टेकली बारा अठ्ठावन्नला. छप्पन्न मिनिटं. म्हणजे वेळापत्रकातल्या पंचाऐंशी मिनिटांतली अर्ध्या तासाच्या आसपासची मिनिटं जमिनीवरचीच, नि हवेतल्या छप्पन्नांतलीही काही चढण्या-उतरण्यात नि वळण घेण्यात जातात. माझं गणित जुळलं. वेळापत्रक करणारा माणूस शहाणा असतो, तो रांगेचा वेळ धरूनच लिहितो. आम्हीसुद्धा दादरचा वेळ सांगताना स्टेशनवरची रिक्षा धरतोच की.

त्या छप्पन्न मिनिटांत मी काय बघितलं ते सांगायला हवं. मी उजव्या बाजूला होतो, समुद्राकडं. खाली किनारा सरळ नाही, खेकड्याच्या नांग्यांसारखा आत-बाहेर. एक खाडी संपते न संपते तोच दुसरी जमिनीत घुसलेली. मी मोजायला लागलो नि मोजता मोजता चुकामूक झाली. नावं व्याह्यांनी नंतर सांगितली: बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग. तेव्हा डोक्यात उजेड पडला, की साडेतीनशेचे रस्त्यानं पाचशे का होतात. रस्त्याला प्रत्येक खाडीचा मान ठेवावा लागतो. डोंगराला वळसा, खाडीला वळसा, नाहीतर पूल.

हे आम्हा वसईकरांना नवं नाही. वसईच्या किल्ल्याच्या जेट्टीवर उभं राहिलं की समोर खाडीपलीकडं भाईंदर दिसतं. पण मोटारसायकलनं जायचं तर घोडबंदरवरून तीस-पस्तीस किलोमीटरचा वळसा. २०२४ च्या फेब्रुवारीत रोरो बोट सुरू झाली, गाडीसकट माणूस पंधरा-वीस मिनिटांत पलीकडं जातो. भाईंदर जागचं हललं नाही, वसई हलली नाही. पण माझ्या एका पुतण्याची भाईंदरची नोकरी त्यानं सोपी झाली.

परत आल्यावर अर्नाळ्याच्या एका कोळी मित्राला हे सांगत होतो, तर तो म्हणाला, "किलोमीटर नको सांगू, नॉटिकल सांग." त्यांच्या बोटीवर जीपीएस असतं, त्यात समुद्री मैल. विमानवालेही तेच मोजतात म्हणे. मग त्यानंच समजावलं. पृथ्वीच्या एका अंशाचे साठ भाग केले की उत्तर-दक्षिण दिशेनं त्यातला एक भाग म्हणजे एक समुद्री मैल, १.८५२ किलोमीटर. मुंबई विमानतळ एकोणीस अंशांच्या जरासा वर, चिपी सोळा अंशांवर. तीन अंश म्हणजे एकशे ऐंशी मैल, वरचा थोडा भाग नि जरा तिरकं जायचं त्याचे आणखी, असे एकशे नव्वदच्या आत-बाहेर. नकाशा न बघता, कॅलक्युलेटर न काढता मासे उतरवता उतरवता त्यानं सांगितलं. त्याची शाळा माझ्याहून तीन यत्ता कमी आहे.

चिपीला उतरलो तर सड्यावर ऊन नि वारा. जांभ्या कातळाचा सडा, लांबवर कलमं, नि त्यात एक नवी कोरी इमारत. जावई गाडी घेऊन आला होता. पावणेदोनला घरी. सौ.नं पाय धुवायच्या आधी डबा उघडला. कळ्या अर्ध्याहून जास्त उघडल्या होत्या, पण पाकळी पांढरट-पिवळी, टवटवीत. एकही डाग नाही. मुलीनं डब्यात तोंड घातलं नि बराच वेळ वर काढलं नाही. नंतर कळलं की रडत होती.

संध्याकाळी पूजेला ती फुलं वाहिली तेव्हा ती पुरती फुलली होती. रेल्वेनं गेलो असतो तर हे झालं नसतं. कोकणकन्या रात्री अकराच्या पुढं दादर सोडते, सकाळी आठच्या सुमाराला कुडाळ, तिथून गावापर्यंत आणखी तासभर. घरातून संध्याकाळी आठ-साडेआठला निघालेला माणूस सकाळी नवाला पोचतो. आमचा विमानाचा दिवस सव्वासहा ते पावणेदोन, म्हणजे साडेसात तास. वाचले पाच तास. पण रेल्वेचे तास झोपेचे असतात नि विमानाचे रांगेचे, हेही खरं. आणि छप्पन्न मिनिटं उडण्यासाठी सहा तास चौतीस मिनिटं जमिनीवर घालवायची, याला काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

रात्री पडवीत व्याही बोलायला लागले. ते उमेदीत गिरणीत होते, ८२ च्या संपानंतर मिळेल ते काम केलं. मुंबईत इतकी वर्षं काढूनही गावी आले की जीभ मालवणी होते. "माझी आवस वेंगुर्ल्यासून बोटीन मुंबैक इली," ते म्हणाले, "तिका बोट लागली ती भाऊच्या धक्क्यार उतरल्यार पण दोन दीस जमीन हलता असां वाटा होता." मग रस्ता झाला, एसटी आली. मग २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पुरी सुरू झाली, तेव्हा यांनी पहिल्या महिन्यातच रजा काढून नुसता जाऊन-येऊन प्रवास केला होता. नि आता त्यांच्या गुरं चारायच्या सड्यावर विमान उतरत होतं. त्यांच्या घराण्यात आईचं अंतर, त्यांचं अंतर नि पोराचं अंतर वेगवेगळं होतं, गाव मात्र तेच.

पैशाचंही सांगून टाकतो. ही सेवा केंद्र सरकारच्या उडान योजनेतली. त्या योजनेचं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला सिमला-दिल्ली मार्गावर सुटलं. लहान गावांना जोडणाऱ्या मार्गावर काही आसनं ठरलेल्या सवलतीच्या दरात द्यायची, नि कंपनीला पडणारा खड्डा सरकारनं भरून द्यायचा, तो तीन वर्षं. मुंबई-चिपीचं सवलतीचं तिकीट सुरुवातीला २,५२० रुपये होतं. शेकड्याला शंभर रुपये भाव धरला तर एका तिकिटाला अडीच हजार फुलं. आमच्या वाडीत हंगामात रोज सात-आठशे निघतात. म्हणजे दोघांची एका बाजूची खेप म्हणजे आठवड्याची तोड. रेल्वेचं स्लीपरचं तिकीट चारशेच्या आत. मुलीला भेटायला आठवड्याची तोड गेली याचं वाईट वाटलं नाही, पण दर महिन्याला जाण्यासारखं हे नव्हे, एवढं कळलं.

त्या योजनेतला "तीन वर्षं" हा शब्द तेव्हा कानावरून गेला, त्याचा अर्थ पुढं कळला.

२०२४ च्या उन्हाळ्यात मुलीचा फोन आला. पहिलंच बाळंतपण, माहेरी व्हायचं. आमच्यात सातव्या महिन्यात आणतात. हिशेब केला, नोव्हेंबर. सौ.नं लगेच ठरवून टाकलं की पोरीला विमानानं आणायचं. रेल्वे नको, हायवे तर मुळीच नको. मुंबई-गोवा रस्त्याचं काम किती वर्षं चाललंय हे कोकणातल्या माणसाला विचारा, पोटुशी बाई त्या रस्त्यानं आणणं म्हणजे देवाची परीक्षा बघणं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सातव्यात विमान चालेल, दाखला देते. सगळं मनासारखं जुळलं होतं. छप्पन्न मिनिटांचा तर प्रश्न.

नि दिवाळीच्या तोंडावर मुंबई-चिपी विमान बंद झालं. तीन वर्षं भरली होती.

मी कुणावर चिडावं? कंपनीला परवडत नसेल तर ती का उडवील? सरकारनं तीन वर्षं सांगितली होती, ती झाली. शिवाय मधल्या काळात, २०२३ च्या जानेवारीत, गोव्यात मोपाचा मोठा विमानतळ चालू झालेला. सावंतवाडीकडचा माणूस चिपीला कशाला जाईल? मोपाला दिवसभर विमानं. जळगाव, नांदेडच्या लोकांनीही हेच बघितलंय, सेवा चालू, बंद, पुन्हा चालू. पण माझ्या डोक्यातनं एक गोष्ट जाईना. ते साडेतीनशे किलोमीटर आजही साडेतीनशेच आहेत. धावपट्टी अडीच किलोमीटरची तशीच सड्यावर पडून आहे. पुणे, हैदराबादकडं जाणारी लहान विमानं तिथून उडतही होती. फक्त आमच्यासाठी, म्हणजे त्या टोकाला मुलगी नि या टोकाला आई, अशा दोघींसाठी ते अंतर एका रात्रीत वाढलं. रस्ता बंद झाला तर दरड दिसते, झाड दिसतं. इथं दिसायला काहीच नव्हतं, मोबाइलवर तारीख टाकली की "उपलब्ध नाही" एवढंच.

मुलगा म्हणाला, मोपाहून आणू. तिच्या गावापासून मोपा दीड-पावणेदोन तास गाडीनं, दोन तास विमानतळावर, तास-सव्वा तास हवेत, मग मुंबई, मग संध्याकाळच्या वेळेला हायवेवरून वसई. नोव्हेंबर म्हणजे गोव्याचा हंगाम. तिकिटाचा दर बघितला तर महिनाभराचा चाफा त्यात गेला असता. तरी मी म्हटलं, जाऊ दे, काढ. पोरीच्या जिवापुढं चाफा काय.

नको म्हणाली ती मुलगीच. "बाबा, त्या सगळ्यात मला आडवं कुठं पडायला मिळेल? चढ-उतार किती? मला एकदाच बसवा नि एकदाच उतरवा." तिनंच गाडी शोधली. २०२४ च्या ऑगस्टअखेर वांद्रे-मडगाव अशी एक नवी एक्सप्रेस सुरू झाली होती, आठवड्यातून दोन दिवस, नि ती वसईवरून जाते. आमच्या स्टेशनवरून! मुंबईच्या पश्चिम बाजूच्या कोकणी माणसांनी ही गाडी कितीतरी वर्षं मागितली होती. सकाळी सावंतवाडीला बसलं की रात्री उशिरा वसई. तेरा-चौदा तास. जिथं विमान तास-दीड तास म्हणत होतं तिथं हे तेरा तास. पण बसायचं एकदा, उतरायचं एकदा, नि मधला सगळा वेळ पाठ टेकायला खालचा बर्थ.

व्याही नि विहीणबाई दोघंही सोबत आले. मी रात्री दहापासून स्टेशनवर होतो. फलाटावर बाकावर बसून मी मोबाइलवर गाडी बघत होतो, रोहा, पनवेल, भिवंडी, नि प्रत्येक नावासरशी घरी फोन लावत होतो. सौ.नं शेवटी सांगितलं, "आता आल्यावरच फोन करा, मला पेज ठेवायचीय." त्या गाडीचं इंजिन वसईला एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावतात, म्हणून ती इथं बराच वेळ उभी असते. त्याचा मला असा उपयोग होईल हे कधी वाटलं नव्हतं. लोकलसारखी घाई नाही, धक्का नाही. मुलगी दारात आली, एक पाय पायरीवर ठेवला, थांबली, श्वास घेतला नि उतरली. विहीणबाईंनी मागनं कंबरेला हात दिला होता. रिक्षानं दहा मिनिटांत घर. रात्री साडेअकराला गरम पेज नि लोणचं खाऊन पोर झोपली ती सकाळी नवाला उठली.

जानेवारीत नात झाली. वसईतल्याच दवाखान्यात, सुखरूप.

मार्चमध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात आलं की वाढवण बंदराजवळ, म्हणजे आमच्याच पालघर जिल्ह्यात, मुंबईचा तिसरा विमानतळ करायचा विचार आहे. बंदराची पायाभरणी आदल्या वर्षी ३० ऑगस्टला झालीच होती. नाक्यावर चहा पिताना पोरं म्हणायला लागली, काका, आता तुम्हाला अंधेरी नको, डहाणूच्या बाजूनं चिपी. मी त्यांना विचारलं, धावपट्टी किती लांब असते ठाऊक आहे का? चिपीची लहान, ती अडीच किलोमीटर. मोठ्या विमानांना त्याहून मोठी लागते. ती कुणाच्या तरी जमिनीवर पडणार. परुळ्याचा तो कातळसडा होता, तिथंही गुरं चरायची. आमच्या जिल्ह्याची किनारपट्टी म्हणजे वाड्या, भातखाचरं, चिकूच्या बागा, सुकत घातलेली मासळी. मी विमानाच्या विरोधात नाही. ज्या विमानानं माझी फुलं ताजी पोचवली त्याला मी वाईट कसं म्हणू? पण जमीन एकदाच जाते नि कायमची जाते, सेवा मात्र तीन वर्षांच्या बोलीनं येते. ज्याची जमीन गेली त्यानं तीन वर्षांनंतर काय करायचं, हे कुठल्या तरी कागदावर लिहिलेलं असेल तर मला वाचायचं आहे. तुकडा गेल्यावर नव्हे, त्याच्या आधी. पोरं गप्प झाली. एक जण म्हणाला, "काका, चहा थंड झाला तुमचा."

वेलणकर चाफ्याची कलमं त्या पहिल्या खेपेला ठरवली होती, ती पुढं पावसाच्या तोंडावर टेंपोनं आली. चाळीस आली, सदतीस जगली. आता खांद्याएवढी झाली आहेत, बसल्या बसल्या फुलं काढता येतात. सौ. नातीला कडेवर घेऊन एका हातानं खुडते.

एप्रिलमध्ये मुलीला परत जायचं होतं. मुंबई-चिपी पुन्हा चालू होणार, होणार, अशा बातम्या पेपरात येत होत्या. आम्ही वाट बघितली नाही. रेल्वेचं आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं; मी दिवस मोजून, सकाळी आठला मुलाला मोबाइल घेऊन बसवला नि खालचे दोन बर्थ मिळवले. त्याच वांद्रे-मडगावचे. सौ.ला काळजी, एवढंसं पोर, तेरा तास गाडीत कसं राहील. मुलगी बाळंतविडा बांधत होती, मान वर न करता म्हणाली, "आई, तेरा तास काय मोजतेस? पाच वेळा पाजायचं नि तीन वेळा झोपवायचं, की आली सावंतवाडी."